षड्जाचा रंग कोणता?

दौलताबादचं नाव देवगिरी होतं तेव्हाची गोष्ट. यादव राजा सिंघण (कारकीर्द 1210 ते 1247) याच्या दरबारात जमाखर्चाचं खातं सांभाळणाऱ्या एका अधिकाऱ्याने संगीतावर सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. अधिकाऱ्याचं नाव शार्ङ्गदेव. त्याचे आजोबा काश्मीर सोडून दक्षिणेत आले होते. ग्रंथाचं नाव ‘संगीतरत्नाकर’. हिंदुस्थानी असो की कर्नाटक, दोन्ही पद्धतींच्या अभ्यासकांना आजही या ग्रंथाची पानं उलटावी लागतात. पहिल्याच अध्यायात शार्ङ्गदेव आधी गर्भाची वाढ आणि शरीराची रचना सांगतो, मग नादाकडे वळतो, मग श्रुती, मग स्वर. स्वरांपाशी आल्यावर प्रत्येकाचा रंगही सांगून टाकतो. षड्ज कमळाच्या रंगाचा, ऋषभ पिंगट, गांधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद अनेक रंगांचा, कबरा.

या यादीवरून छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका घरात मामा-भाचीचं वाजलं. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. भाची मानसशास्त्रात एम.ए. झालेली, पण पोट गाण्याच्या क्लासवर. ही दोघं आणि क्लासमधली मुलं या लेखापुरती उभी केलेली पात्रं आहेत. दोघांनी एकमेकांपुढे टाकलेले पुरावे मात्र खरे आणि नोंदलेले आहेत.

वादाचं कारण साधं होतं. प्रवेशिकेच्या मुलांना सरगम लवकर बसावी म्हणून भाचीने घोटीव कागदाची सात कार्डं केली. रंग शार्ङ्गदेवाच्या यादीतले. निषादाच्या कार्डावर सगळ्या रंगांचे तुकडे चिकटवले. मुलं खूश झाली. एक नऊ वर्षांची मुलगी मात्र कार्ड समोर धरलं की अडखळायची, आणि कार्ड पालथं ठेवलं की बिनचूक गायची. शेवटी तिने सांगून टाकलं, “ताई, म पांढरा नसतो. म विटकरी असतो. तुम्ही चुकीचा कागद लावलाय.”

“पोरीने बहाणा काढला,” मामा म्हणाले, “आणि तू मला काय सांगू राहिली, की तिचा मेंदू वेगळा आहे!”

“बहाणा असता तर रंग बदलला असता, मामा. मी तिला सगळी मुळाक्षरं, दहा अंक आणि सात वार विचारून वहीत लिहून ठेवले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर न सांगता पुन्हा विचारलं. दोन-तीन सोडले तर सगळे तेच.”

“पाठ केले असतील.”

“कशासाठी? परत विचारणार आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.”

भाचीने केली ती परीक्षा तिच्या डोक्यातून आलेली नाही. एका इंद्रियाला मिळालेल्या किंवा मनात आलेल्या गोष्टीबरोबर दुसऱ्याच संवेदनेचा अनुभव आपोआप उमटणं, म्हणजे अक्षर वाचताना रंग दिसणं, स्वर ऐकताना आकार जाणवणं, शब्द उच्चारताना जिभेवर चव येणं, याला सिनेस्थेशिया म्हणतात. हा आजार नाही. जर्मन वैद्य गेओर्ग झाक्स याने 1812 मध्ये आपल्या प्रबंधात स्वतःच्या अशा रंगांची नोंद केली. फ्रान्सिस गाल्टन याने 1880 मध्ये आकडे मनात ठरावीक जागी आणि ठरावीक वळणावर उभे दिसणाऱ्या माणसांची माहिती छापली. पण त्यानंतर बराच काळ शास्त्रज्ञ या विषयापासून लांब राहिले, कारण समोरच्याला खरंच रंग दिसतो की तो कवीसारखं बोलतोय, हे ठरवायचं कसं?

1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी त्यावर सोपा उपाय काढला: विचारा, लिहून ठेवा, आणि खूप दिवसांनी पुन्हा विचारा. 1993 मध्ये त्यांनी छापलेल्या निकालात सिनेस्थेशिया असलेल्यांची उत्तरं एका वर्षानंतरही 90 टक्क्यांहून जास्त जुळली. इतरांना आठवड्याभरातच पुन्हा विचारलं, तरी त्यांची उत्तरं 40 टक्क्यांच्या आतच जुळली.

“ठीक आहे, मानलं,” मामा म्हणाले. “पण अशी माणसं असतात किती? लाखात एक?”

“ज्युलिया सिम्नर यांनी 2006 मध्ये छापलेल्या पाहणीत सुमारे 500 जणांना तपासलं. कोणत्या ना कोणत्या प्रकारचा सिनेस्थेशिया 4.4 टक्क्यांना निघाला. वारांना रंग असणारे त्यात सगळ्यांत जास्त.”

मामांनी मनातल्या मनात गुणाकार केला. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 11 लाख 75 हजारांच्या घरात होती. तोच हिशेब इथे लावला तर 50 हजारांवर माणसं होतात. “म्हणजे मी नोकरीत असताना माझ्या वर्गातही असतील,” ते म्हणाले, आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग एकदम सरसावून बसले. “पण मग तुझा शार्ङ्गदेव फसला.”

“तो कसा काय? उलट त्यालाच तर स्वरांचे रंग दिसत होते.”

“त्याला दिसत नव्हते. त्याला मिळाले होते. हीच यादी त्याच्याही आधीच्या नारदीय शिक्षेत आहे. गांधार सोनेरी, मध्यम कुंदासारखा, पंचम काळा, धैवत पिवळा, निषादात सगळे रंग. तुझ्याच शास्त्राप्रमाणे दोन माणसांचे रंग इतके जुळतात का?”

भाची गप्प झाली, कारण ते जुळत नाहीत. सिनेस्थेशियाची खूण हीच की एका माणसाचे रंग वर्षानुवर्षं बदलत नाहीत, पण शेजारच्याशी मात्र बहुधा पटत नाहीत. एकाच काळातल्या दोन रशियन संगीतकारांचा दाखला नेहमी दिला जातो. सी मेजर ही स्वरपट्टी रिम्स्की-कोर्साकोव्हला पांढरी वाटे, तर स्क्रियाबिनला लाल. कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह याला अक्षरांचे रंग दिसायचे आणि त्याच्या आईलाही. तरी मायलेकांचे रंग सरसकट एक नव्हते.

“आणि पुढचं वाच की,” मामांनी रेटलं. “नुसता रंग सांगून तो थांबला का? षड्ज म्हणजे मोराचा आवाज, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा, धैवत बेडकाचा, निषाद हत्तीचा. शिवाय प्रत्येक स्वराचं कूळ, ऋषी, देवता, द्वीप, छंद, रस. हा तक्ता आहे, बाई. हिशेबखात्यातल्या माणसाने नीट रकाने पाडून लावलेला. गुरूने सांगायचा, शिष्याने पाठ करायचा. यात मेंदूचं वेगळेपण कुठून आलं?”

इथे मामांचं म्हणणं खोडून काढायला जागा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातही रसांना रंग वाटून दिलेले आहेत: शृंगार श्याम, हास्य पांढरा, रौद्र लाल, भयानक काळा. तेही परंपरेने ठरवलेले, सगळ्यांसाठी एकच. देवगिरीची यादी म्हणजे एका माणसाचा अनुभव नसून शिकवण्याची एक पद्धत आहे.

पण भाचीने त्याच यादवकाळातला दुसरा साक्षीदार काढला. पैठणजवळच्या आपेगावशी ज्यांच्या घराण्याचं नातं, त्या ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण केली. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला ते आपल्या मराठी बोलांचं वर्णन करतात. ते बोल ऐकताना कानांनाच जिभा फुटतील, असं म्हणतात. मग इंद्रियांचा आपसांत तंटा लागतो. शब्द खरं तर कानाचा, पण जीभ म्हणते हा रस माझा, नाकाला तो सुगंध वाटतो, डोळे त्याच्या रेखीवपणाने तृप्त होतात आणि बाहू त्याला मिठी मारायला उठतात.

“ही काही कुणाकडून मिळालेली यादी नाही, मामा. वाचताना अंगावर काटा येतो.”

“कुणाच्या? तुझ्याही आणि माझ्याही, बरोबर ना? मग ते सगळ्यांना कळतं. तुझ्या त्या पोरीचा विटकरी म मला कळतो का? कितीही डोळे ताणले तरी नाही.”

मामांनी नकळत शास्त्रातल्या एका जुन्या भेदावर बोट ठेवलं. इंद्रियांची थोडी सरमिसळ प्रत्येकात असते. वोल्फगांग क्योलर याने 1929 मध्ये एक गोलसर आणि एक टोकदार आकृती दाखवून त्यांना दोन निरर्थक नावं जोडायला सांगितली, तेव्हा बहुतेकांनी मऊ आवाजाचं नाव गोल आकृतीला दिलं. चेन्नईत वैद्यक शिकून पुढे अमेरिकेत गेलेले मेंदूतज्ज्ञ विलयनूर रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी 2001 मध्ये ‘बूबा’ आणि ‘किकी’ या शब्दांनी हाच प्रयोग चर्चेत आणला. 95 टक्क्यांच्या आसपास लोकांनी गोल आकृतीलाच बूबा म्हटलं. ज्ञानेश्वरांचं रूपक या सगळ्यांच्या वाट्याच्या सरमिसळीवर उभं आहे, म्हणून ते सातशे वर्षांनंतरही वाचणाऱ्याला भिडतं. नऊ वर्षांच्या मुलीचा विटकरी म फक्त तिचा आहे. तो तिने निवडलेला नाही आणि तिला तो पुसताही येत नाही.

“म्हणजे जन्माने आलेलं,” मामांनी निकाल दिला. “घराण्यात चालतं, नाबोकोव्ह आणि त्याची आई बघ. मग शिकण्याशी याचा संबंध काय? ज्याला आहे त्याला आहे, ज्याला नाही त्याने पाढे पाठ करावेत.”

आता पाळी भाचीची होती, आणि तिच्याजवळ चांगला दारूगोळा होता.

“कल जन्माने येत असेल. पण म हे अक्षर आईच्या पोटातून येतं का? रंग अक्षराला चिकटतो म्हणजे तो अक्षर शिकताना किंवा शिकल्यावरच चिकटणार. अमेरिकेत 1970 ते 80 च्या दशकांत फिशर-प्राइस कंपनीची लोहचुंबकाची रंगीत अक्षरं घरोघरी फ्रिजला चिकटलेली असायची. नेथन विटहॉफ्ट आणि जोनाथन विनावर यांना 2013 मध्ये अशी 11 माणसं सापडली, ज्यांच्या अक्षरांचे रंग त्या खेळण्याशी जुळत होते. दोन वर्षांनी त्यांनी सिनेस्थेशिया असलेल्या साडेसहा हजारांवर लोकांची माहिती चाळली. सगळ्यांत मिळून 6 टक्क्यांचे रंग त्या खेळण्यावरून आलेले दिसले. खेळणं बाजारात आल्यानंतरच्या दहा वर्षांत जन्मलेल्यांत तर हे प्रमाण काही गटांत 15 टक्क्यांच्या जवळ होतं.”

मामांनी चष्मा काढून पुसला. “खेळण्यातला रंग डोक्यात जाऊन बसला?”

“आणि मोठेपणीही हलला नाही. सगळ्यांचाच असा येत नाही, पण काहींचा नक्की येतो. जपानमध्ये मिचिको असानो आणि काझुहिको योकोसावा यांनी 2011 मध्ये दाखवलं की एकाच उच्चाराची हिरागाना आणि काताकाना अक्षरं दिसायला वेगळी असूनही बहुधा एकाच रंगाची दिसतात. म्हणजे रंग नुसत्या आकाराला चिकटत नाही, शिकलेल्या ध्वनीला चिकटतो. आपली बाराखडी तर पूर्ण ध्वनीवरच रचलेली.”

लहान मुलांवर केलेला अभ्यासही भाचीच्या बाजूचा आहे. सिम्नर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या शाळांत सहा-सात वर्षांच्या 615 मुलांना तपासलं. त्यांतल्या 8 मुलांना, म्हणजे 1.3 टक्क्यांना, अक्षरांचे रंग दिसत होते. पण त्या वयात 36 अक्षर-अंकांपैकी सरासरी 10-11 चेच रंग पक्के झालेले होते. वर्षभरानंतर तीच मुलं 17 च्या घरात गेली. म्हणजे वाचन-लेखन जसं पक्कं होत गेलं, तसे रंगही पक्के होत गेले. मार्कस वॉटसन, जेम्स एन्स आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये याच्या पुढची मांडणी केली. अक्षरं, अंक, वार, महिने अशा अवघड, अमूर्त गोष्टी लावून घेताना काही मुलांचं मन रंगांचा आधार घेतं, आणि सिनेस्थेशिया त्यातूनच घडत असावा, असं त्यांचं म्हणणं आहे.

“गाण्यातलं बघा,” भाची म्हणाली. “आपला सा कुठे आहे? माझा काळी चारला, एखाद्या बुवांचा पांढरी एकला. पेटीवर जागा बदलली तरी सा तो साच. त्या मुलीला मी दोन वेगळ्या पट्ट्यांत गायला लावलं. तिचा म दोन्हीकडे विटकरीच राहिला. कंपनसंख्या बदलली, रंग नाही. तिचा रंग म च्या जागेला चिकटलाय, आणि ती जागा तिला मी शिकवली.”

मामांनी मान डोलावली. वर्गात पन्नास वर्षांचा असो की पाच वर्षांचा, ज्याचं उत्तर बरोबर त्याचं बरोबर, हा त्यांचा बाणा. “हे मान्य. जन्माचा कल आणि शिक्षणाचं खाद्य, दोन्ही. पण मग तू लगेच म्हणशील की रंग लावले की पाठांतर सुधारतं. तिथे मी अडवणार.”

अडवायला त्यांनी निवडला तो माणूस या विषयातला सगळ्यांत प्रसिद्ध. सोलोमन शेरेशेव्हस्की हा मॉस्कोतला पत्रकार. 1920 च्या दशकात संपादकाच्या लक्षात आलं की हा कधीच टिपण घेत नाही, तरी प्रत्येक सूचना शब्दशः सांगतो. त्याला मानसशास्त्रज्ञ अलेक्सांदर लुरिया यांच्याकडे पाठवलं गेलं. लुरियांनी त्याला पुढची तीसेक वर्षं तपासलं आणि 1968 मध्ये त्याच्यावर छोटं पुस्तक लिहिलं. प्रत्येक आवाजाला त्याच्यासाठी रंग होता, पोत होता, कधी चवही. लांबच्या लांब याद्या तो पंधरा-पंधरा वर्षांनंतरही जशाच्या तशा सांगायचा.

“वाचलंय मी ते,” मामा म्हणाले, “आणि एक पान माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला आकड्यांचा तक्ता दिला. पहिल्या ओळीत 1, 2, 3, 4. दुसरीत 2, 3, 4, 5. तिसरीत 3, 4, 5, 6. माझ्या चौथीच्या पोराने एका नजरेत सांगितलं असतं की गुरुजी, हे तर क्रमाने चाललंय. हा माणूस एकेक आकडा चित्रासारखा पाठ करत बसला. क्रम त्याला दिसलाच नाही! चेहरे त्याला ओळखू येईनात, कारण हावभाव बदलला की चेहरा बदलला. गोष्ट वाचताना एकेक शब्दातून इतकी चित्रं उठायची की अर्थ बाजूला राहायचा. विसरता येत नाही म्हणून कागदावर लिहून तो कागद जाळून बघितला त्याने. असली स्मरणशक्ती तुझ्या पोरांना द्यायची?”

“नाही द्यायची. आणि रंगांनी ती येतही नाही,” भाची शांतपणे म्हणाली. “शेरेशेव्हस्की नुसत्या रंगांवर चालत नव्हता. तो मनातल्या मनात मॉस्कोच्या रस्त्याने चालायचा आणि एकेक वस्तू दारात, खिडकीत ठेवत जायचा. पांढऱ्या भिंतीपुढे ठेवलेलं अंडं परतताना त्याच्या नजरेतून सुटलं, असं लुरियांनीच लिहिलंय. ही पद्धत ग्रीक-रोमन वक्त्यांपासून चालत आलेली, कुणालाही शिकता येते. डॅनियल टॅमेटचंही तसंच. त्याने 14 मार्च 2004 ला ऑक्सफर्डमध्ये पायचे 22,514 अंक 5 तास 9 मिनिटांत म्हटले. आपल्याला आकडे रंग-आकारांत दिसतात, असं तो सांगतो. पण त्याआधी तो जागतिक स्मरणस्पर्धेतही उतरलेला होता. म्हणजे सरावही होताच.”

“मग सामान्य सिनेस्थेशियावाल्याचं काय?”

“थोडा फायदा. निकोलास रोथेन, बेआट मायर आणि जेमी वॉर्ड यांनी 2012 मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. ही माणसं शब्दांच्या याद्या आणि रंग लक्षात ठेवण्यात सरस निघतात, पण ती सरशी सर्वसाधारण माणसांच्याच पट्ट्यात राहते. म्हणजे वर्गात पहिल्या रांगेतलं मूल, चमत्कार नाही.”

मामांना हे उत्तर आवडलं. त्यांनी पुढचा प्रश्न मवाळ आवाजात विचारला. “आणि ज्याला नाही त्याला शिकवून येतो का हा प्रकार? तसं असेल तर तुझी कार्डं वाचली.”

याचंही उत्तर नोंदलेलं आहे. ससेक्स विद्यापीठात डॅनियल बोर, रोथेन आणि सहकाऱ्यांनी सिनेस्थेशिया नसलेल्या प्रौढांना 9 आठवडे सराव दिला. 13 अक्षरं, त्यांचे ठरलेले 13 रंग. 2014 मध्ये छापलेल्या निकालात त्यांतल्या बऱ्याच जणांना काळं अक्षर वाचतानाही रंग जाणवू लागल्याचं आढळलं, रस्त्यावरच्या पाट्यांवरसुद्धा. बुद्ध्यांकाच्या चाचणीतही सरासरी 12 गुणांची वाढ दिसली. मात्र गट लहान होता. आणि सराव थांबल्यावर तीन महिन्यांत रंग विरून गेले.

“म्हणजे घोकंपट्टीच,” मामा खुशीत आले. “सोडली की गेली. आपल्याकडे रंगाशिवाय काय कमी पाठांतर झालं? घनपाठी घे. पहिला शब्द, दुसरा. मग दुसरा, पहिला. मग पहिला, दुसरा, तिसरा. मग तिसरा, दुसरा, पहिला. मग परत पहिला, दुसरा, तिसरा. अशा उलटसुलट क्रमाने आख्खी संहिता. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की लगेच सापडणार. हे गणित आहे. 2003 मध्ये युनेस्कोने वेदपठणाला अमूर्त वारशाचा मान दिला, तो काय रंगांमुळे? आणि आमची पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी? नुसती चाल आणि ताल.”

“चाल आणि ताल हे कानाचं काम, मामा. पाठशाळेत स्वर दाखवायला हात वर-खाली होतो, ते शरीराचं काम. तुमची पोरं पाढे म्हणताना डुलायची की नाही? दोन-तीन इंद्रियं एकत्र जुंपून शिकणं ही सगळ्यांची सोय आहे. सिनेस्थेशिया हा काहींचा स्वभाव आहे. माझी चूक एवढीच झाली की मी सोय म्हणून स्वभाव वाटायला निघाले.”

वाद इथे खऱ्या प्रश्नावर आला: त्या नऊ वर्षांच्या मुलीचं आता काय करायचं?

मामांचं मत पडलं की कार्डं तिच्यासमोर आणूच नयेत. त्याला पुरावाही आहे. जेनिफर ग्रीन आणि उषा गोस्वामी यांनी 2008 मध्ये अंकांचे रंग दिसणाऱ्या मुलांवर अभ्यास छापला. अंक त्या मुलाच्या मनातल्या रंगाशी न जुळणाऱ्या शाईत छापलेला असेल, तर मूल अडखळतं, असं त्यात दिसलं. रंगीबेरंगी पाठ्यपुस्तकं, फलकावरचे रंगीत खडू, गणिताच्या रंगीत कांड्या यांचा त्रास होणारी मुलंही असतात. शिक्षकाला ते कळत नाही, कारण मूल काही सांगत नाही. सगळ्यांना तसंच दिसत असेल, असं ते समजून चालतं.

भाची तेवढ्यावर थांबायला तयार नव्हती. कार्डं काढून टाकण्याऐवजी तिने कोरी केली. ज्या मुलाला स्वराला काही जोडावंसं वाटेल त्याने ते आपल्या हाताने जोडावं. कुणी रंग लावेल, कुणी हत्ती काढेल, कुणी काहीच करणार नाही. परीक्षा गळ्याची होईल, कार्डाची नाही. शार्ङ्गदेवाची यादीही ती शिकवणार आहे, पण इतिहासाच्या तासाला: देवगिरीत स्वरांचा अभ्यास कसा चालायचा, हे सांगायला.

“आणि विटकरी म?” मामांनी विचारलं.

“तो तिचा आहे. तिच्या वहीत ती विटकरी पेन्सिलने लिहील. मी लाल शाईने खोडणार नाही.”

“तिच्या आईला पण सांग. नाहीतर पोर खोटं बोलते म्हणून ओरडा बसायचा.”

मामा-भाचीचं एवढ्यावर जमलं. राहिलेला मतभेद दोघांनी तसाच ठेवला. मामांच्या मते पाठांतराला क्रम आणि आवर्तनं पुरतात, भाचीच्या मते अर्थाशी बांधलेली कोणतीही खूण मदतीला येते. स्मरणशक्तीच्या अभ्यासाने दोघांनाही थोडं थोडं खरं ठरवलं आहे. संपूर्ण बरोबर कुणीच नाही, आणि सिनेस्थेशियाला स्मरणशक्तीची गुरुकिल्ली म्हणणाऱ्या जाहिराती तर अजिबातच नाहीत. रंग लावून मुलांची बुद्धी वाढवून देतो असं सांगत कुणी शुल्क मागत असेल, तर पालकांनी सराव थांबल्यावर विरून गेलेले ते रंग आठवावेत.

पहिली-दुसरीच्या शिक्षकांना आणि गाण्याच्या क्लासवाल्यांना मात्र एक काम करता येईल, आणि त्याला पैसा लागत नाही. मुलांना सहज विचारावं की अक्षरांना, अंकांना, वारांना, स्वरांना रंग असतो का. बहुतेक मुलं हसतील किंवा काहीतरी ठोकून देतील. एखादं मूल अजिबात न अडखळता सांगत जाईल. त्याची उत्तरं तारीख घालून लिहून ठेवावीत, कुणाला दाखवू नयेत, आणि सहा महिन्यांनी आगाऊ न सांगता पुन्हा विचारावं. उत्तरं जुळली तर मुलाला आणि घरच्यांना सांगावं की यात काही बिघडलेलं नाही, आणि त्या मुलाला शाईचा, खडूचा रंग आपला आपण निवडू द्यावा. ब्रिटनमधलं प्रमाण इथे लागू पडलं, तर सहाशे पटाच्या शाळेत अशी सात-आठ मुलं आत्ता वर्गात बसलेली आहेत.